माती, मांडव आणि धोंड्याचा महिना

पत्र थोडक्यात : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 47 वर्षांच्या, एकत्र घरातल्या थोरल्या सूनबाई. मार्चच्या अखेरीस त्यांच्या सासूबाई वारल्या. ताई त्यांना आत्याबाई म्हणत. लेकीची सुपारी माघातच फुटली होती, लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात धरलं होतं. ते ठरल्या दिवशीच केलं. त्या धांदलीतच धाकट्या मुलाचा दहावीचा निकाल लागला. 17 मेला अधिक ज्येष्ठ सुरू झाला, म्हणजे नव्या जावयाचा पहिलाच धोंड्याचा महिना. त्यातच रोहिणी निघाल्या आणि भाताची धूळवाफ पेरणी आली. जूनमध्ये धाकटी जाऊ बाळंत झाली, मुलगी झाली. लग्नाच्या दिवशी पुण्याला दिलेल्या नणंदबाई, म्हणजे अक्का, ताईंना स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाल्या, "आई जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत, आणि माझ्या आईच्या खोलीत तू रुखवत मांडलंस." तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. ताई विचारतात : लग्न पुढं ढकलायला हवं होतं का? आत्याबाईंसाठी मला एकदाही रडू आलं नाही, मी दगड झालेय का? आणि यंदा गणपती बसवायचा का?

ताई,

तुमची सहाही पानं दोन-तीनदा वाचली. शेवटच्या पानाच्या मागं भाताच्या बियाण्याचा आणि आचाऱ्याच्या बाकीचा हिशेब तसाच राहिलाय. एकाच कागदावर दोन्ही. तुमचा उन्हाळा कसा गेला असेल ते मला त्या आकड्यांवरून जास्त कळलं.

लग्नाचं आधी सांगते, म्हणजे तो काटा निघेल. लग्न वेळेवर केलंत यात काही चुकलं नाही. सुतक बारा-तेरा दिवसांत फिटतं. त्यापुढं दुखवटा किती धरायचा, हे ज्या त्या घराच्या रीतीवर असतं. आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतातच की घरात कुणी गेलं तर ठरलेलं कार्य वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं. शिवाय यंदा 17 मे ते 15 जून अधिक महिना, त्यात लग्न लागत नाही. नंतर मुहूर्त असले तरी खानापूरच्या पावसात मांडव कोण घालणार? मग चातुर्मास. मे हुकला असता तर तुळशीच्या लग्नापर्यंत पोरीला आणि तिच्या सासरच्यांना टांगून ठेवावं लागलं असतं. आणि आत्याबाई स्वतः सुपारीला पुढं बसल्या होत्या, रुखवताची पितळेची भांडी त्यांनीच चिंच लावून घासून ठेवली होती, हे तुम्हीच लिहिलंय. आणखी काय हवं?

पण ताई, हे सगळं तुम्ही दीड पानभर लिहिलंय, कुणीतरी कोर्टात उभं केल्यासारखं. आणि अक्कांनी यातलं काही विचारलंच नव्हतं. त्यांचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत म्हणून मला ते परत वाचता आलं. त्यात मुहूर्त नाही. लग्न का केलंस, असंही नाही. त्यात खोली आहे. "माझ्या आईच्या खोलीत."

तुम्ही ऐकलंत लग्न, त्या बोलल्या खोलीबद्दल. गेले दोन महिने तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मनात घोळवताय.

आता ती खोली अक्कांच्या बाजूनं बघा. आमच्या कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या सुरुवातीलाच सुटतात आणि मे संपतो न संपतो तोच भरतात. तिकडं महाराष्ट्रात सुट्टी उशिरा लागते आणि शाळा जूनच्या मध्यावर. सीमेवरच्या घरांना हे पाठ आहे : मामाची पोरं नवी दप्तरं शोधत असतात तेव्हा आत्याची पोरं अजून अंगणात फणसाच्या आठळ्या भाजत असतात. तुमच्या अक्का लग्न झाल्यापासून दर मेमध्ये आल्या. तुम्हीच लिहिलंय की त्या आल्या की त्यांचं अंथरूण आत्याबाईंच्या खोलीतच पडायचं आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मायलेकींची कुजबुज भिंतीपलीकडून ऐकू यायची. बावीस वर्षं तुम्ही ती कुजबुज ऐकलीत. यंदाच्या मेमध्ये अक्का आल्या तेव्हा त्या खोलीत शिवणयंत्र, गादी, कुकरचा संच आणि लाडवांचे डबे मांडले होते, आणि अक्कांची झोपायची सोय शेजारच्या माडीवर, वऱ्हाडातल्या बायकांबरोबर केली होती. आई गेली हे कळून त्या रात्रीत पुण्याहून आल्या, माती झाल्यावर चौथ्या दिवशी परत गेल्या, बाराव्याला आल्या आणि गेल्या. आईच्या खोलीत एकट्यानं बसायला त्यांना एक दुपार मिळालेली नाही.

तुम्हाला जागा हवी होती, घर भरलं होतं, रिकामी खोली तेवढीच होती. तुमच्या जागी मी असते तरी रुखवत तिथंच मांडलं असतं. तरीही अक्कांना फोन करून एवढंच म्हणा : "अक्का, खोली तुम्हाला न विचारता वापरली. चुकलं माझं." त्यापुढं "पण" लावू नका. अधिक महिना नको, पाऊस नको, जागेची अडचण नको. अक्का रागानं बोलतील कदाचित. बोलू द्या. मग त्यांना या आषाढातच बोलवा, काहीही कार्य नसताना. श्राद्ध नाही, बारसं नाही, पूजा नाही. चार दिवस त्या खोलीत राहायला. आत्याबाईंची पेटी तोवर उघडू नका. लुगडी, चोळीचे खण, पानाचा डबा, जे असेल ते अक्कांच्या हातून निघू दे. कुणाला काय द्यायचं ते त्यांना ठरवू दे.

आता एक गोष्ट, जी तुम्ही तिसऱ्या पानावर अगदी सहज लिहून पुढं गेलात. बाराव्याला सगळे जमलेले असताना तुमचे चुलत दीर म्हणाले, "सगळे आहेतच तर अक्काच्या सहीचंही बघून टाका." तुम्ही चहा देत होता, तुम्ही काही बोलला नाहीत, तुमच्या यजमानांनीही मान खाली घातली. आणि अक्का? त्या काय म्हणाल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक काहीच म्हणाल्या नसतील.

मला वाटतं, खोलीचा राग नुसता खोलीचा नाही. बाराव्या दिवशी सही मागितली आणि चाळीस दिवसांच्या आत खोली गेली. माहेरवाशिणीला याचा अर्थ एकच लागतो : तुझं इथलं संपलं.

यात कायदा काय म्हणतो ते तुमच्यासाठी आणि हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते, कारण उन्हाळा सरला की असल्या सह्यांची पत्रं मला हमखास येतात. तीस गुंठे आत्याबाईंच्या स्वतःच्या नावावर होते, असं तुम्ही लिहिलंय. हिंदू वारसा कायद्याप्रमाणं बाईनं मृत्युपत्र केलं नसेल तर तिच्या मालमत्तेवर तिचा नवरा, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क असतो. म्हणजे तुमचे सासरे, तुमचे यजमान, धाकटे दीर आणि अक्का, चौघांना साडेसात-साडेसात गुंठे. मुलीचं लग्न होऊन किती वर्षं झाली याचा इथं काही संबंध नाही. उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं हे एक काम आणि हक्कसोडपत्र हे अगदी वेगळं काम. वारसा नोंदीसाठी कुणी हक्क सोडावा लागत नाही. चौघांची नावं लागू शकतात, लागायलाच हवीत. हक्क सोडायचाच असेल तर तो सब-रजिस्ट्रारपुढं नोंदवलेल्या कागदानंच सुटतो, आणि तो सोडायचा की नाही हे फक्त अक्कांनी ठरवायचं. कुणी "नुसती औपचारिक सही" म्हणालं तर समजा की ती औपचारिक नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. हे कागद कन्नडमध्ये येतात. आपण मराठी शाळेत शिकलेली माणसं, बाजारापुरतं, बसपुरतं कन्नड येतं, पण सरकारी कागदाचं कन्नड वेगळं असतं. माझ्या ओळखीत एका बाईनं वारसा नोंदीचा अर्ज समजून भलत्याच कागदावर अंगठा दिला होता. घरातल्याच माणसानं घेतलेला अंगठा, त्यामुळं तिनं विचारलंही नाही. कन्नड नीट वाचता येणाऱ्या आणि तुमच्या जमिनीशी संबंध नसलेल्या माणसाकडून पूर्ण कागद मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय घरातल्या कुणीच सही करू नये, पुरुषांनीसुद्धा. मृत्यूची नोंद तुम्ही वेळेत केलीत ते चांगलं झालं. ती 21 दिवसांच्या आत केली तर फी लागत नाही, पुढं मात्र हेलपाटे वाढतात. बाकी जमिनीचं एकही काम असं नाही की जे बाराव्याच्याच दिवशी व्हायला हवं. तुमच्या यजमानांनी अक्कांना सांगायला हवं, "सहीचा विषय आमच्याकडून निघणार नाही." हे तुम्ही सांगून उपयोग नाही. भावानंच बहिणीला सांगायला हवं, आणि तेही फोनवर नको, अक्का आल्या की समोर बसून.

आता ज्यासाठी मला तुमचं पत्र पहिल्यांदा बाजूला ठेवावं लागलं, ते.

तुमच्या सहा पानांत धाकट्यासाठी दोन ओळी आहेत. पहिली : "मातीच्या दिवशी सकाळी त्याचा गणिताचा पेपर होता म्हणून त्याला मीच पाठवलं, तो आला तोवर सगळं झालं होतं." दुसरी, तीन पानांनंतर : "त्याचं गणित राहिलं होतं, ते दुसऱ्या परीक्षेत निघालं." बस्स. मधली तीन पानं लग्नाची आहेत.

या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून बघा. सोळा वर्षांचा पोरगा. घरात आजीचं प्रेत. बाहेर बायका जमलेल्या. त्यातून तो दप्तर नाही, नुसतं पॅड आणि हॉल तिकीट घेऊन निघतो, तीन तास परीक्षेला बसतो, परत येतो तर अंगण सारवलेलं असतं. आजी नाही. ज्या पेपरासाठी आजीला शेवटचं बघायचं राहिलं, त्याच पेपरात तो नापास होतो. निकाल लागतो तेव्हा घरात बांगड्या भरायला कासार बसलेला असतो. मग अधिक महिन्यात, घरात जावयासाठी 33 अनारसे तळत असताना तो परत परीक्षेला जातो. कुणाबरोबर गेला? एसटीनं गेला की कुणी गाडीवरून सोडलं? आणि पास झाला त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं? तुमच्या पत्रात हे नाही. मला भीती वाटते ती ही की तुम्हालाही ते ठाऊक नसेल.

ताई, मी दोष देत नाही. त्या सकाळी तुम्हाला वाटलं, पोराचं वर्ष जायला नको. कुठल्याही आईला तेच वाटलं असतं. आपल्या मंडळाची परीक्षा त्याच वर्षात पुन्हा देता येते, एक पेपर चुकला तरी वर्ष जात नाही. पण असल्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येतं? वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी दहावी-बारावीचं मूल असेल तर एवढं लक्षात असू द्या. मुलाला विचारा तरी : तुला जायचंय की थांबायचंय? सोळा वर्षांचं मूल उत्तर देऊ शकतं, आणि त्यानं स्वतः ठरवलेलं असलं की ते त्याला पुढं कमी टोचतं.

त्याच्याशी बोला. घरात नको, घरात सतत कुणीतरी असतं. त्याला घेऊन मलप्रभेवर जा, जिथं रक्षाविसर्जन केलंत तिथं. आजोबांनाही बरोबर घ्या. तिथं त्याला सांगा, "त्या दिवशी तुला पाठवायचं मी ठरवलं. तुला विचारलं नाही." तो बहुतेक म्हणेल, "जाऊ दे की आई, त्यात काय." या वयाची पोरं हेच म्हणतात. तेवढ्यावर सोडू नका, त्याच्याजवळ थोडा वेळ नुसत्या उभ्या राहा. आणि परत येताना, किंवा कुणी बेळगावला जाणार असेल तर त्याच्याकडून, पावशेर कुंदा आणा आणि तो पास झाला म्हणून घरात वाटा. महिना उलटून गेला तरी वाटा. लग्नाचे लाडू, बारशाच्या घुगऱ्या सगळं झालं, या पोराच्या नावानं घरात काही गोड झालेलं नाही. कॉलेजचा प्रवेश झाला असेलच. कुठली शाखा घेतली आणि का, हेही त्यालाच विचारा.

आता तुमचे मामंजी. त्यांच्याविषयी तुम्ही लिहिता, "ते बरे आहेत, काही बोलत नाहीत." बरे आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आपल्याकडं म्हातारा माणूस रडत नसेल, जेवत असेल आणि शेताकडं एक फेरी मारत असेल तर तो बरा, असं धरून चालतात. पंचावन्न वर्षांचा संसार होता. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आत्याबाईच देत, असं तुम्ही आजारपणाच्या वर्णनात लिहिलंय. मार्चपासून त्या कोण देतं? आज संध्याकाळी डबी उघडून मोजा. मोजून झालं की यजमानांना सांगा, रात्री जेवल्यावर दहा मिनिटं वडिलांजवळ बसत जा, पेरणीचं बोला, पावसाचं बोला. आईचा विषय काढायलाच हवा असं नाही. तो विषय तेच काढतील. पेरणीला कुरी त्यांनीच धरली, कुणाचं ऐकलं नाही, हे तुम्ही जरा तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. हात चालू आहेत त्यांचे.

मात्र झोप उडाली, ताट तसंच परत येऊ लागलं, "आता माझं काय राहिलंय" असं बोलणं सारखं यायला लागलं, तर वयावर ढकलू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर आहे, रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष डॉक्टर गाठायचे तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला लांब नाही. हे मी फक्त मामंजींसाठी लिहीत नाही. तुमच्यासाठीही लिहितेय.

तुम्ही विचारलंय, मी दगड झालेय का.

माझे वडील गेले त्या वर्षी आमच्या घरात दोन लग्नं झाली. दोन्ही लग्नांत मी पंगतीत वाढलं, हसले, फोटो काढले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि त्याची मला मनातून लाज वाटायची. रडले ती दीड वर्षानं, निपाणीच्या स्टँडवर. शेजारच्या बाकावर एक म्हातारा तळहातावर तंबाखू मळत होता, चुना लावून, अंगठ्यानं दाबून, बरोब्बर वडिलांसारखा. वास आला आणि मला तिथंच हुंदका फुटला. बस आली, गेली. लोक बघत होते. त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं बाळ?" मला सांगता येईना.

तुम्ही शेवटचे वीस दिवस आत्याबाईंच्या अंथरुणाशी काढलेत. उचलणं, पुसणं, चमच्यानं पेज भरवणं. त्या जाणार हे तुम्हाला घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तुमचा शोक तेव्हाच सुरू झाला, फक्त त्याला कुणी शोक म्हटलं नाही, सेवा म्हटलं. नंतर तिसऱ्या दिवसापासून तुमच्या हातात याद्या आल्या. रडण्यासाठी माणसाला थोडी रिकामी जागा लागते. ती तुम्हाला मिळाली फक्त एकदा, आणि ते तुम्ही चौथ्या पानावर लिहिलंय : भाताचं बी काढायला माळ्यावर चढला होता, तिथं आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत, राखेत घोळून बांधलेलं दोडक्याचं आणि काकडीचं बी सापडलं. "चिंधी परत बांधली आणि तिथंच बसून राहिले. खालून सगळे हाका मारत होते."

ज्या बाईला काही वाटत नाही ती चिंधी परत बांधून माळ्यावर बसून राहत नाही, ताई. न रडणं हा आजार नव्हे आणि माया नसल्याची खूणही नव्हे. डॉक्टर लोकसुद्धा जवळचं माणूस गेल्यावर निदान सहा महिने उलटल्याशिवाय शोकाला आजाराचं नाव देत नाहीत. पण तुम्हाला विसावा मात्र हवाय, आणि तो कुणी आणून देणार नाही. भांगलण तोंडावर आहे हे ठाऊक आहे मला. तरी आठवड्यातली एक दुपार ठरवा आणि घरात सांगून टाका की त्या दुपारी मला हाक मारायची नाही. कुणी विचारलं तर सांगा, सदरातल्या बाईंनी सांगितलंय.

जावेच्या बाळाचं थोडक्यात. सगळे म्हणतात, "आत्याबाईच परत आल्या," आणि तुमचा जीव घुसमटतो. साहजिक आहे. लोक मायेनं म्हणतात, पण तुमची आत्याबाई गेलीय आणि ही पोर नवी आहे. तुम्ही तिला तिच्याच नावानं हाक मारत जा. वाद घालू नका.

गणपती बसवा, असं माझं मत. पण माझ्या मतापेक्षा मामंजींचं आणि अक्कांचं मत आधी घ्या, आणि ते खरंच विचारा, ठरवून झाल्यावर कळवू नका. वर्षाच्या आत सण धरलेल्या घरांत मूर्ती आणतात, नेहमीची पूजा-आरती करतात, आरास आणि पंगती तेवढ्या टाळतात. कुठं भाऊबंदांकडं नैवेद्य देतात. तुमच्याकडची रीत मामंजींना माहीत असेल. त्यांना विचारण्याचं ते एक चांगलं निमित्तही आहे. आणि बसवायचा ठरला तर मोदक या वेळी तुमच्या यजमानांनी आणि दिरांनी वळावेत. बिघडले तर बिघडू देत. दसऱ्याला घराची वास्तू करायचं थोरल्या मुलाच्या मनात आहे, त्याला मात्र सरळ सांगा, यंदा नको. या घराला आता सहा महिने कुठलंही कार्य नको.

राहिलं ते बी. रोहिणीत, मृगात टोकायला हवं होतं, उशीर झालाय. तरी पावसाचा दोडका अजून धरतो. सगळं लावू नका. अर्धं चिंधीत तसंच ठेवा, अक्का आल्या की त्यांच्या हातात द्या आणि विचारा, राख कुठली वापरायच्या, चुलीतली की गोवऱ्यांची. ते त्यांना माहीत असणार. उरलेलं परड्यात, भिंतीच्या कडेला टोका. वेल वर चढायला लागला की मांडव लागेल, तो घालायला धाकट्याला सांगा.